डेमो रूम ते स्किल लॅब : एका खोलीचा इतिहास

स्मरणिका समितीने लेखांची वाटणी केली तेव्हा इमारत, प्राचार्य, वसतिगृह आणि निकाल हे मानाचे विषय आधीच दिले गेले होते. माझ्या वाट्याला तळमजल्यावरची एक खोली आली. माजी विद्यार्थिनींच्या तोंडी ती अजून ‘डेमो रूम’ आहे, आताच्या मुली तिला ‘स्किल लॅब’ म्हणतात आणि डेड स्टॉक रजिस्टरमध्ये तिची नोंद ‘मिडवायफरी प्रात्यक्षिक कक्ष’ अशी आहे. खोली तीच. तिथे शिकवलं जातं ते मात्र दोनदा मुळापासून बदललं. संस्थेच्या सगळ्या वाटचालीत माझ्या मते हाच बदल सर्वांत मोलाचा. पहिल्या क्रमांकांची यादी दुसऱ्या लेखात आहे, ती तिथे वाचावी.

या खोलीपुढचा प्रश्न पहिल्यापासून एकच आहे. बाळंतपण करायला शिकवायचं कसं? इंजेक्शन संत्र्यावर शिकता येतं, बँडेज मैत्रिणीच्या हातावर बांधता येतं. बाळंतपणात तशी सोय नाही. शिकाऊ मुलीचा हात बसावा म्हणून कुणी बाई थांबून राहत नाही, आणि बाळ तर अजिबात थांबत नाही. मुलीचा पहिला सराव आणि त्या आईच्या आयुष्यातला मोठा प्रसंग एकाच टेबलावर येतात. आईच्या जिवावर शिकायचं नसेल तर खोटी आई हवी.

ही युक्ती आजच्या कंपन्यांची आहे असं मुलींना वाटतं, म्हणून आमच्या खोलीची वंशावळ इथे सांगून टाकते. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये आंजेलिक द्यु कुद्रे नावाची सुईण होऊन गेली. पॅरिसमध्ये रीतसर शिकून 1740 साली तिने परवाना मिळवला. पुढे ती ओव्हेर्न्य या डोंगराळ भागात गेली. तिथल्या खेड्यांत अडाणी हातांनी होणारी बाळंतपणं आणि त्यात जाणाऱ्या आया-मुलं तिने पाहिली. शिकायला आलेल्या बहुतेक बायकांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे पुस्तकाचा उपयोग नव्हता. मग तिने कापड, चामडं आणि कापूस घेऊन बाईचा कमरेपासून मांड्यांपर्यंतचा भाग खऱ्या मापाचा शिवला. त्याला पट्ट्या आणि दोऱ्या लावल्या. त्या ओढल्या की बाळाची वाट ताणायची आणि सैल व्हायची. सोबत कापडी बाळ, वार आणि नाळ. बाळाचं तोंड उघडं ठेवलेलं, का, तर पायाळू बाळाचं डोकं अडलं तर तोंडात बोट घालून ते कसं सोडवायचं हे शिकवता यावं. या सगळ्याला ती नुसतं ‘यंत्र’ म्हणत असे.

1759 साली राजा पंधराव्या लुईने तिला देशभर शिकवत फिरण्याचा परवाना दिला. राजाला आया-बायांचा कळवळा आला होता असं मानायचं कारण नाही. सात वर्षांचं युद्ध चालू होतं, देशाची लोकसंख्या घटते आहे अशी भीती दरबारात पसरली होती आणि माणसं हवी होती. कारण काही असो, शाळा निघाली. त्याच वर्षी तिचं पुस्तकही आलं. गावोगावच्या बायकांना गोळा करून साधारण दोन महिन्यांचा वर्ग घ्यायचा, प्रत्येकीकडून यंत्रावर पुन्हा पुन्हा करून घ्यायचं आणि पुढच्या गावाला निघायचं, असं ती 1783 पर्यंत करत राहिली. चाळीसहून अधिक गावं झाली. तिच्या हाताखाली सुमारे पाच हजार बायका शिकल्या असा अंदाज आहे. एक यंत्र गावाने विकत घेऊन ठेवावं असा तिचा आग्रह असे, म्हणजे ती गेल्यावरही सराव चालू राहील. निधी मागायला येणाऱ्या प्रत्येक ट्यूटरने या बाईचं चित्र टेबलावर ठेवावं, इतकी ती व्यवहाराला पक्की होती. त्या यंत्रांपैकी एक आज रुआं शहरातल्या वैद्यकीय इतिहासाच्या संग्रहालयात आहे.

मला त्या यंत्राइतकीच तिच्या पुस्तकातली एक साधी सूचना महत्त्वाची वाटते. बाळ यायची वाट पाहत असताना त्या बाईला मायेने धीर द्यावा, आणि तोही हसतमुखाने, म्हणजे तिला धोक्याची शंका येणार नाही, असं ती सांगते. यंत्राला धीर देता येत नाही. म्हणजे पहिल्याच यंत्रात जे शिकवायचं राहून गेलं ते यंत्र करणारीला ठाऊक होतं. आमच्या खोलीला ते कळायला बरीच वर्षं लागली.

आपल्याकडची गोष्ट थोडक्यात. 1885 साली डफरिन फंड सुरू झाला, 1886 मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल उघडलं. 1903 पासून व्हिक्टोरिया निधीतून दाईंना शिकवण्याचे प्रयत्न झाले. 1909 साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि ससून रुग्णालयाच्या मदतीने मराठी घरांतल्या मुली, त्यांत विधवाही, नर्स आणि सुईण होऊ लागल्या. घरात पुस्तक हातात घ्यायचीही चोरी असलेल्या बाईने पगाराची नोकरी करावी, आणि तीही परक्याच्या बाळंतपणाची, हे त्या काळी किती मोठं धाडस होतं, त्यावर स्वतंत्र लेख व्हावा. 1947 च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली आणि अभ्यासक्रमाला देशभर एक साचा मिळाला. आपली संस्था त्या साच्यात जन्मली. एएनएमचा वर्ग, मग जीएनएम, मग बी.एस्सी. अशी ती वाढली.

डेमो रूमचा पहिला काळ म्हणजे काचेचं कपाट. त्यात हाडांचा खरा ओटीपोटाचा सांगाडा (पेल्व्हिस) आणि एक कापडी बाहुली. बाहुलीच्या डोक्यावर टाळूच्या जागा दोऱ्याने टाचून दाखवलेल्या. एका हातात पेल्व्हिस, दुसऱ्या हातात बाहुली, आणि बाहुली फिरवत फिरवत मॅडमचा पाठ: डिसेंट, फ्लेक्शन, इंटर्नल रोटेशन, क्राउनिंग, एक्स्टेन्शन. वर्ग पाढ्यांसारखा एका सुरात म्हणायचा. तीस-तीस वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या बायका आजही तो क्रम झोपेत म्हणून दाखवतील. त्या पाठाला मी नावं ठेवणार नाही. बाळाचं डोकं कुठून कसं वळतं हे ज्यांच्या बोटांना कळलं, त्यांना पुढे कधी अंदाजाने काम करावं लागलं नाही. मात्र त्या पेल्व्हिसला वर पोट नव्हतं, छाती नव्हती, चेहरा नव्हता. ती मॅडमच्या हातात नेहमी एकाच दिशेला धरलेली असे. बाई आडवीच असणार, हे कुणी न सांगता शिकवलं जात होतं.

बाकीचं शिक्षण लेबर रूममध्ये. पहिले दिवस भिंतीला टेकून बघायचं, मग सीनियर म्हणेल तेव्हा हात लावायचा, आणि केसबुकातला आकडा भरायचा. आकडा भरणं हीच मोठी चिंता. एका केसवर तिघी-चौघी टपलेल्या, त्यात मेडिकलची मुलंही. या धबडग्यात मुली बाळंतपण शिकल्या तशा लेबर रूमच्या सवयीही शिकल्या. पहिलटकरीण दिसली की कात्री घ्यायची. कळ असो नसो, ‘जोर लाव, जोर लाव’ असा गजर करायचा. उशीर होतोय म्हणून पोटावरून दाबायचं. सासू किंवा आईला दाराबाहेर काढायचं. ओरडणाऱ्या बाईला ‘आत्ता ओरडतेस, तेव्हा कळलं नाही का?’ असं ऐकवायचं. हे शेवटचं वाक्य महाराष्ट्रातल्या ज्या बाईने ऐकलं नाही ती नशीबवान. मुली ते पुस्तकात शिकल्या नव्हत्या. नजरेसमोर जे घडत होतं तेच त्यांच्या अंगवळणी पडत गेलं.

दुसरा काळ मॅनिकिनने घडवला. त्यामागे देशातली मोठी उलथापालथ होती. 2005 साली जननी सुरक्षा योजना आली आणि बाळंतपणं झपाट्याने दवाखान्यांत होऊ लागली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2005-06 च्या फेरीत देशातली 38.7 टक्के बाळंतपणं संस्थेत झाली होती. 2019-21 च्या फेरीत ती 88.6 टक्के झाली. महाराष्ट्रात हा आकडा 94.7 टक्क्यांवर पोचला. गर्दी आली तशी जबाबदारीही आली. रक्तस्राव, झटके, न रडणारं बाळ अशा प्रसंगी पहिल्या काही मिनिटांत हजर असते ती नर्स. तिला हे आधी करून पाहायला मिळायला हवं, हा विचार पक्का झाला. सरकारने ‘दक्ष’ नावाने कौशल्य प्रयोगशाळा काढल्या, पुढे ‘दक्षता’ कार्यक्रम आला आणि आमच्या काचेच्या कपाटाशेजारी रबरी त्वचेची अर्धी बाई येऊन झोपली.

त्या काळात खोलीत उत्साह होता. घड्याळ लावून ड्रिल चालायचे. एकीने पोट चोळायचं, दुसरीने ऑक्सिटोसिन भरायचं, तिसरीने मोठ्याने वेळ सांगायची. बाळाच्या श्वासासाठी ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा कार्यक्रम 2010 मध्ये जगभर सुरू झाला. जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात बाळ श्वास घेऊ लागलं पाहिजे, हे त्याचं सूत्र. आपल्या शेजारच्या बेळगावात त्याचा अभ्यास झाला. 599 प्रसूती सेविकांना बाहुलीवर प्रशिक्षण दिल्यावर मृत जन्मलेली म्हणून नोंदल्या जाणाऱ्या बाळांचं प्रमाण 3 टक्क्यांवरून 2.3 टक्क्यांवर आलं. निपचित पडलेली काही बाळं मेलेली नव्हतीच, त्यांना फक्त श्वास द्यायचा होता. त्यानंतर बेळगाव, नागपूर आणि केनियातलं एल्डोरेट मिळून मोठी पाहणी झाली, तेव्हा मात्र असा फरक सगळीकडे सारखा दिसला नाही. टांझानियातल्या हायडोमच्या रुग्णालयातला अनुभव तर डोळे उघडणारा आहे. एका दिवसाच्या प्रशिक्षणानंतर नर्सेस बाहुलीवर तरबेज झाल्या, पण खऱ्या बाळाजवळ त्यांचं काम बदललं नाही. तिथेच वॉर्डात थोडा थोडा आणि वरचेवर सराव ठेवला, तेव्हा बाळांचे मृत्यू कमी झाले. वर्षातून एकदा पाहुणे बोलावून, फीत कापून, चहा-बिस्किटं देऊन होणाऱ्या कार्यशाळांबद्दल माझं मत तेव्हापासून फारसं चांगलं नाही. आमच्या खोलीला आता कुलूप नसतं ते याच कारणाने. ड्यूटीवर जाण्याआधी मुली येतात, हात चालवतात आणि जातात.

मॅनिकिनने जीव वाचवायला शिकवलं, हे निर्विवाद. पण त्याचा एक दुष्परिणाम आम्हाला हळूहळू दिसू लागला. खोलीत ज्या ज्या बाईचं बाळंतपण व्हायचं तिचं काहीतरी बिघडायचंच. ड्रिलसाठी प्रसंग लिहिताना आम्हीच ते बिघडवत होतो; सगळं सुरळीत झालं तर शिकवायचं काय, असं वाटे. परिणामी मुलींच्या मनात बाळंतपण म्हणजे येऊ घातलेलं संकट असं समीकरण बसलं. त्या सतत तयार, सतत घाईत. त्यांना स्वस्थ बसता येईना. आणि बहुतेक बाळंतपणांत नर्सने करायचं मुख्य काम म्हणजे लक्ष ठेवून स्वस्थ बसणं.

बाहेरची हवाही बदलत होती. महाराष्ट्रात सिझेरियनचं प्रमाण 2015-16 मध्ये 20.1 टक्के होतं, ते पुढच्या फेरीत 25.4 टक्के झालं. देशभरच्या खासगी रुग्णालयांत ते 47.4 टक्के भरलं. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीतल्या शुश्रूषेबद्दल नव्या शिफारशी दिल्या. गर्भाशयाचं तोंड दर तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे हा हट्ट सोडा, वेगवान टप्पा पाच सेंटीमीटरपासून धरा, सरसकट काप घेऊ नका, पोटावर दाब देऊ नका, बाईला हवं ते माणूस सोबत राहू द्या, तिला हवं तसं बसू-उठू-फिरू द्या. आमच्या सुईणींच्या आज्यांना यातलं निम्मं ठाऊक होतं, हे खरं. घाणेरडी विळी आणि धनुर्वातही त्याच आज्यांच्या काळातले, हेही तितकंच खरं. जुन्याचा नुसता गौरव करून इतिहास लिहिता येत नाही. त्याच 2018 साली केंद्र सरकारने मिडवायफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. नर्सना अठरा महिन्यांचं खास प्रशिक्षण देऊन सर्वसाधारण बाळंतपणं त्यांच्या हाती सोपवायची, असं त्यात आहे. 2021 च्या बी.एस्सी. अभ्यासक्रमाने सिम्युलेशनला, म्हणजे नकली प्रसंगांवरच्या सरावाला, वेळापत्रकातच जागा दिली.

तिसरा काळ सुरू झाला तो एका पट्ट्याने. मामानॅटली नावाचं हे साधन पोटावर बांधायचं असतं. नॉर्वेतल्या स्टाव्हांगरच्या लेर्डाल कंपनीचं ते. ही कंपनी एके काळी मुलांची खेळणी करायची. कापडी पोट, आत बाळ, नाळ, वार आणि लाल पाण्याची पिशवी. पट्टा बांधणारी स्वतःच आतून हाताने बाळ पुढे सरकवते, हवं तर रक्तस्राव वाढवते, कमी करते. सोबतच्या बाळाच्या पोटात दोन लिटर कोमट पाणी भरलं की ते हातात खऱ्या बाळासारखं जड आणि ढिलं लागतं. फुगा दाबला की नाळ उडते, दुसरा दाबला की ते रडतं. मोटरवर बाळ ढकलणाऱ्या मोठ्या मॅनिकिनच्या मानाने किंमत अगदीच कमी. पण या पट्ट्याने ते केलं जे त्या मॅनिकिनला जमत नव्हतं. त्याने खोलीत एक जिवंत बाई आणली. पट्ट्याच्या वर आता तोंड होतं आणि ते बोलत होतं.

पहिल्या सत्रांपैकी एक सांगते. तिसऱ्या वर्षातल्या मुलीने पट्टा बांधला. तिला चिठ्ठीवर एवढंच लिहून दिलं होतं: दुसरं बाळंतपण, सहा सेंटीमीटर, सगळं ठीक, तुला पाठीत कळा येतात आणि आडवं पडवत नाही. बाकी तुझं तू ठरव. ड्यूटीवर दोघी, एक नोंदी ठेवायला. मुलगी कण्हत आत आली. पहिलं वाक्य अर्थातच ‘ताई, टेबलावर झोपा’. ती म्हणाली, ‘सिस्टर, मला उभंच राहू द्या ना.’ दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, ‘झोपल्याशिवाय तपासायचं कसं?’ तपासलं, ठोके ऐकले, दोन्ही ठीक. मग दोघी गप्प. करायला काहीच नव्हतं आणि तेच त्यांना सहन होईना. एक उगाच ट्रे लावू लागली, दुसरीने पुन्हा हातमोजे चढवले. ‘आत्ताच तपासलंत की,’ असं पट्टा बांधलेलीने म्हटल्यावर सगळा वर्ग हसला. त्यानंतर कुणीतरी स्टूल पुढे केलं. ती त्यावर उलटी बसली, टेबलावर डोकं टेकलं. एकीने तिच्या माकडहाडाच्या वरचा भाग तळहाताने दाबून धरला. पट्टा नकली, कळ नकली, पण त्या मुलीने जो सुस्कारा सोडला तो नकली नव्हता. तेव्हापासून कळ आली की दाब, गेली की पाण्याचा घोट, असं चालत राहिलं. बाळ आलं ते ती गुडघ्यांवर असताना. काप नाही, ओरडा नाही. बाळ छातीवर, नाळ उडायची थांबेपर्यंत चिमटा लावायचा नाही.

खरा वर्ग त्यानंतरच्या चर्चेत झाला. पट्टा बांधलेली म्हणाली, ‘मॅडम, खोलीत तिघी होत्या आणि बराच वेळ तिघी माझ्या पायांकडे बघत होत्या.’ तिला कळा नव्हत्या, तरी तो प्रकार लागला. दुसरीने विचारलं, वॉर्डात सीनियर सिस्टर ‘झोपव तिला’ म्हणाल्या तर आम्ही काय करायचं? या प्रश्नाला तयार उत्तर नव्हतं आणि आजही पूर्ण नाही. त्यातून पुढचे प्रसंग मात्र लिहिले गेले. आता एका प्रसंगात एक ट्यूटर घाई करणारी सीनियर होते, आणि विद्यार्थिनीला अदबीने, आवाज न चढवता सांगावं लागतं: ‘सिस्टर, ठोके चांगले आहेत, कळा चांगल्या आहेत, अजून थोडं थांबू या का?’ हे वाक्य म्हणायचा सराव लागतो. आतून तपासण्यापेक्षा (पीव्ही) जास्त लागतो.

सगळं गोड झालं असं लिहिलं तर तो इतिहास होणार नाही. पोस्टिंगच्या काही ठिकाणी आमच्या मुलींना ‘लॅबमधले लाड इथे चालणार नाहीत’ असं ऐकून घ्यावं लागलं. जिथे एका सिस्टरच्या अंगावर एका वेळी चार-पाच कळा देणाऱ्या बायका असतात, तिथे पाठ दाबत कोण बसणार, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. पट्टा मनुष्यबळ वाढवत नाही. आणि नकली बाई कितीही रंगली तरी खऱ्या बाईचा घाम, भीती, तिचा बाहेर येरझारा घालणारा नवरा, हे सगळं वॉर्डातच भेटतं. सिम्युलेशनने वॉर्डातले तास कापावेत, अशी टूम कुणी काढली तर आमच्या विभागाचा विरोध राहील, हे मिनिटबुकात लिहून ठेवलं आहे. आणीबाणीचे ड्रिलही बंद झालेले नाहीत. फक्त आता निम्म्याहून अधिक प्रसंगांत काहीच बिघडत नाही, आणि थांबायचं की धावायचं हे मुलीला स्वतः ओळखावं लागतं. आधी सांगितलेलं नसतं, म्हणून ती खरोखर लक्ष ठेवते.

खोलीची आजची स्थिती अशी: काचेचं कपाट जागेवर आहे, पेल्व्हिस आणि बाहुली अजून पहिल्या तासाला बाहेर निघतात. रबरी बाईच्या त्वचेला भेगा गेल्या आहेत. दोन पट्टे आहेत, एकाची शिवण आमच्याच मुलींनी दुरुस्त केली आहे. टेबल भिंतीला सरकवलं असून मध्ये चटई, स्टूल आणि दोरीचा आधार आहे.

कमी आहे ती आयांची. वीस वर्षांच्या, अजून लग्नही न झालेल्या मुली कळा देणाऱ्या बाईचं सोंग किती दिवस आणणार? ज्या स्वतः बाळंत झाल्या आहेत आणि ज्यांनी हजारो बाळंतपणं केली आहेत, अशा आपल्या माजी विद्यार्थिनींनी येऊन पट्टा बांधावा, आपल्या वेळी काय हवं होतं आणि काय मिळालं नाही ते त्या भूमिकेतून मुलींना दाखवावं, अशी विभागाची विनंती आहे. निवृत्त सिस्टर्सचं विशेष स्वागत. चहा विभागाकडून मिळेल, नाव कार्यालयात किंवा थेट मिडवायफरी विभागात नोंदवावं.